‘मिनुस्कुलुस’ : एका लॅटिन लघुत्वदर्शक विशेषणाचा अर्थ व उपयोग

जुन्या पोथ्यांचा व कागदपत्रांचा संग्रह करणाऱ्या गृहस्थांस युरोपीय ग्रंथालयांच्या याद्या वारंवार चाळाव्या लागतात. त्या याद्यांत हस्तलिखितांचें वर्णन करितांना लिपीस ‘मायुस्कुल’ व ‘मिनुस्कुल’ अशीं दोन विशेषणें लाविलेलीं आढळतात. कोशांत पाहून तरजुमा करूं गेल्यास ‘मोठें अक्षर’ व ‘बारीक अक्षर’ असे प्रतिशब्द सहज हातीं येतात. वरवर पाहतां ते निर्दोष भासतात. परंतु त्यांवर विसंबून जो एखाद्या पोथीची लिपि ओळखूं जाईल व त्यावरून तिचा काल ठरवूं जाईल, त्याचें अनुमान शतका-दोन शतकांनीं चुकण्याचा संभव आहे. सबब ह्या विशेषणाची घडण कशी झाली, रोमन ग्रंथकार तें कोणत्या अर्थानें योजीत, व पुढें तें लिपीचें नांव कसें झालें, हें प्रस्तुत लेखांत क्रमानें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम शब्दाची घडण पाहूं. लॅटिनमध्यें ‘लहान’ ह्या अर्थाचा सामान्य शब्द ‘पार्वुस’ हा होय. त्याच्या जोडीस तरभावाचें रूप येतें तें ‘मिनोर’, नपुंसकलिंगीं ‘मिनुस’. त्याचा अर्थ ‘अधिक लहान’ किंवा ‘धाकटा’. त्याचप्रमाणें ‘माग्नुस’ म्हणजे मोठा. त्याचें तरभावाचें रूप ‘मायोर’, नपुंसकलिंगीं ‘मायुस’, म्हणजे ‘अधिक मोठा’ किंवा ‘थोरला’. ह्या तरभावाच्या रूपांस ‘कुलुस’ हा लघुत्वदर्शक प्रत्यय लागून ‘मिनुस्कुलुस’ व ‘मायुस्कुलुस’ हीं विशेषणें सिद्ध झालीं आहेत.

‘मिनोर’ ह्यांत रेफ, व ‘मिनुस्कुलुस’ ह्यांत सकार, हें कसें, अशी शंका येईल. तिचें समाधान संस्कृतज्ञांस कठीण नाहीं. आपल्या ‘गरीयस्’, ‘कनीयस्’ ह्या शब्दांप्रमाणें लॅटिन तरभावाचें अंगहि मूळचें सकारान्तच होतें. दोन स्वरांमध्यें सांपडलेल्या सकाराचा रेफ होणें हा त्या भाषेचा नियम असल्यामुळें विभक्तिरूपांत रेफ आला व तो पुढें प्रथमेंतहि शिरला. परंतु प्रत्ययाच्या ककारापूर्वीं सकारास दोहों बाजूंनीं स्वर नसल्यामुळें तो सुरक्षित राहिला. ‘फ्लोस’ म्हणजे फूल, षष्ठी ‘फ्लोरिस’, परंतु लहानसें फूल तें ‘फ्लोस्कुलुस’. ‘कोर्पुस’ म्हणजे शरीर, षष्ठी ‘कोर्पोरिस’, परंतु लहानसें शरीर तें ‘कोर्पुस्कुलुम’. ‘मुस’ म्हणजे उंदीर (हा आपला ‘मूष’च होय), षष्ठी ‘मुरिस’, परंतु छोटा उंदीर तो ‘मुस्कुलुस’. व ह्या छोट्या उंदरावरूनच शरीरांतील स्नायूंस अनेक युरोपीय भाषांत नांव मिळालें आहे. ‘कुलुस’ हा प्रत्ययहि एकेरी नव्हे. ककार व लकार अशा दोन तद्धितांचा तो जोड आहे, व त्यांतील पहिला संस्कृतांतील ‘क’ ह्या प्रत्ययाचा सगोत्र होय. ‘मिनुस्कुलुस’ ह्या शब्दांतील दुसरा स्वर उकारच कां, हेंहि यावरून ध्यानांत येईल. अलीकडे ‘मिनि’ ह्या शब्दाच्या भ्रमानें कित्येक इंग्रज लेखक तेथें इकार लिहितात. परंतु ‘मिनुस’शीं ताडून पाहतां त्यास कांहीं आधार नाहीं.

आतां अर्थाकडे वळूं. तरभावाच्या रूपास पुनः लघुत्वदर्शक प्रत्यय लाविला म्हणजे काय होतें, हा खरा प्रश्न आहे. ‘अधिक लहान’ ह्यास लघुत्वाचा प्रत्यय लागला, तेव्हां अर्थ ‘फारच लहान’ असा होत असेल, अशी कोणाची कल्पना होईल. रोमन ग्रंथकारांचा प्रयोग मात्र नेमका उलट आहे. त्याचे चार पुरावे आम्ही येथें देतों.

पहिला पुरावा नाटककार टेरेन्स ह्याचा. त्याचें ‘युनुखुस’ हें नाटक इ. स. पू. १६१ मध्यें रोम येथें झालें. त्यांत ख्रेमेस नांवाचा एक खेडवळ तरुण आहे. थाइस नांवाची गणिका त्याच्या हरवलेल्या बहिणीविषयीं चौकशा करते, तेव्हां ही स्वतःच आपली बहीण म्हणून पुढें येणार कीं काय, असा त्यास संशय येतो. तो मनाशीं हिशेब करितो कीं, बहीण जिवंत असल्यास ती सोळा वर्षांची असेल, आणि थाइस तर आपणाहून ‘मायुस्कुला’ आहे. म्हणजे ती आपणाहून जराशी थोरली आहे. ह्या स्थळीं ‘आपणाहून’ ह्या अर्थाचें तुलनादर्शक अव्यय वाक्यांत स्पष्ट आलेलें आहे. लघुत्वाचा प्रत्यय लागूनहि शब्दांतील तरभाव नष्ट झाला नाहीं, याहून बळकट प्रमाण दुसरें कोणतें हवें? लहान झाली ती थाइस नव्हे. दोघांच्या वयांतील अंतर लहान झालें.

दुसरा पुरावा वैयाकरण वारो ह्याचा. ‘दे लिंग्वा लातिना’ ह्या आपल्या ग्रंथाच्या सहाव्या भागांत सणांच्या नांवांची चर्चा करितांना तो ‘क्विंक्वात्रुस मिनुस्कुले’ ह्या सणाचा उल्लेख करितो. मूळचा ‘क्विंक्वात्रुस’ हा मिनर्वा देवीचा सण १९ मार्च रोजीं येई. मार्चमधील ‘ईद’ १५ तारखेस. ती धरून पांचवा दिवस तो हा, म्हणून पांच ह्या संख्येवरून त्यास तें नांव पडलें. दुसरा सण १३ जून रोजीं, म्हणजे खुद्द ईदेच्याच दिवशीं येई. त्यास पांच ह्या संख्येचा कांहींच संबंध नाहीं. तो पांवा वाजविणारांचा सण होता. त्या दिवशीं ते शहरभर हिंडत व अखेरीस मिनर्वेच्या देवळापाशीं जमत. वारो म्हणतो कीं, थोरल्या सणाशीं असलेल्या सादृश्यामुळें ह्यास हें नांव मिळालें. येथें ‘मिनुस्कुले’ हें विशेषण सणाचें माप सांगत नाहीं; त्याचें थोरल्या सणाशीं असलेलें नातें सांगतें. मराठ्यांच्या इतिहासाच्या वाचकांस देवासची थोरली पाती व धाकटी पाती हीं नांवें परिचित आहेत. तुकोजीराव व जिवाजीराव पवार ह्या दोघां बंधूंच्या वंशांत चाललेल्या ह्या दोन गाद्या. ‘धाकटी’ म्हणतांना कोणी मुलखाचें क्षेत्रफळ मोजीत नसे. कोणत्या भावाची शाखा एवढेंच त्यांतून कळे. ‘मिनुस्कुले’चा प्रयोग ह्याच जातीचा आहे.

तिसरा व चौथा पुरावा सिसेरोचे. इ. स. पू. ५० मध्यें त्याचा लेखक तिरो हा प्रवासांत आजारी पडून पात्रे येथें मागें राहिला होता. त्यास लिहिलेल्या एका पत्रांत सिसेरो ‘मेलिउस्कुले’ हें क्रियाविशेषण योजितो. ‘मेलिउस’ म्हणजे अधिक बरें. ‘मेलिउस्कुले’ म्हणजे पूर्ण बरें नव्हे, तर पूर्वीपेक्षां जरासें बरें. रोग्याची चौकशी करणाऱ्या माणसास हें अंतर किती महत्त्वाचें असतें तें सांगावयास नको. चौथें स्थळ इ. स. पू. ६२ मधील कवि आर्खियास ह्याच्या बाजूनें केलेल्या भाषणांतील आहे. एका वाईट कवीनें सुल्लाच्या स्तुतिपर कांहीं पद्यें रचून त्यास अर्पण केलीं; सुल्लानें त्यास बक्षीस दिलें, परंतु यापुढें कांहींहि रचूं नये अशी अट घातली. त्या पद्यांचें वर्णन करितांना सिसेरो म्हणतो कीं, त्यांतील एकाआड एक ओळ ‘लोंगिउस्कुलुस’, म्हणजे किंचित् लांब होती. काव्याचा गुण म्हणून सांगण्यासारखें एवढेंच! येथें लघुत्वदर्शक प्रत्ययानें थोडा उपहासहि साधला आहे. परंतु मूळ अर्थ ‘दुसरीहून किंचित् लांब’ हाच आहे.

ह्या चारहि स्थळांचा निष्कर्ष एकच. हा प्रत्यय वस्तूस लहान करीत नाहीं. दोन वस्तूंमधील अंतर लहान करितो. त्यामुळें ‘मिनुस्कुलुस’ म्हणजे ‘अतिशय लहान’ असें नसून ‘किंचित् न्यून’ असें झालें. चमत्कार असा कीं, ‘मिनोर’पेक्षां ‘मिनुस्कुलुस’ हा उलट कमी लहान ठरतो. पुढें ‘लहानसा’ अशा सैल अर्थानेंहि हा शब्द वापरला गेला, हें खरें. परंतु त्याचा मूळ पिंड तुलनेचा आहे, हें विसरतां कामा नये.

पाणिनीच्या अभ्यासकांस ह्यांत नवल वाटूं नये. अष्टाध्यायीच्या पांचव्या अध्यायाच्या तिसऱ्या पादांत तरभावाचे प्रत्यय व लघुत्वाचे प्रत्यय शेजारीं शेजारीं सांगितलेले आहेत. तेथें ‘क’ ह्या प्रत्ययाचे अर्थ अज्ञात, कुत्सित, अनुकंपा, अल्प व ह्रस्व असे निरनिराळे दिले आहेत. ‘पुत्रक’ ह्यांत ममता आहे, ‘अश्वक’ ह्यांत तुच्छता आहे, ‘वृक्षक’ ह्यांत खुजेपणा आहे. लॅटिन लघुत्वदर्शकांतहि हे सर्व अर्थ सांपडतात. पण ‘मिनुस्कुलुस’ ह्या वर्गाचा अर्थ ह्यांपैकीं कोणत्याहि एकाशीं नीट जुळत नाहीं. त्याची खरी जोड त्याच पादांतील दुसऱ्या एका विधानाशीं आहे. वत्स, उक्षन्, अश्व व ऋषभ ह्या शब्दांस ‘तनुत्व’ दाखविण्यासाठीं ‘तर’ असा प्रत्यय पाणिनि सांगतो. ‘वत्सतर’ म्हणजे लहानगें वासरूं नव्हे. ज्याचें वासरूंपण ओसरत चाललें आहे तें. ‘अश्वतर’ म्हणजे खेचर. कारण त्याच्या ठिकाणीं अश्वत्व क्षीण आहे. म्हणजे प्रत्ययानें प्राणी लहान होत नाहीं, त्याच्या ठिकाणचा धर्म पातळ होतो. टेरेन्सच्या ‘मायुस्कुला’ ह्या शब्दांत थोरलेपण असेंच पातळ झालें आहे. लघुत्व व तरभाव ह्यांचा शेजार इतका निकटचा कीं, त्याच प्रकरणांत ‘गोणीतरी’ हा शब्द लहान गोणीसाठीं सिद्ध केलेला आहे. तेथें तराचें रूप धारण करणारा प्रत्यय सरळ लघुत्वच दाखवितो. क्रियाविशेषणांसहि असा आगम होतो, हें ‘उच्चकैः’, ‘नीचकैः’ ह्या रूपांवरून दिसतें. त्यांची ‘मेलिउस्कुले’शीं तुलना करावी.

येथें ह्या शब्दासारख्याच दिसणाऱ्या दोन शब्दांपासून त्यास वेगळें काढणें अवश्य आहे. कारण पोथ्यांच्या वर्णनांत तिन्ही एकत्र येतात. पहिला शब्द ‘मिनुतुस’. हें ‘मिनुएरे’, म्हणजे कमी करणें, ह्या धातूचें भूतकालवाचक विशेषण. वेदांतील ‘मिनाति’ हें क्रियापद त्याच्याच कुळांतलें. ‘मिनुतुस’ म्हणजे खरोखरच बारीक, तुकडे केल्यासारखें. प्लौटुसच्या ‘बाख्खिदेस’ नाटकांत एक म्हातारा मुलाचें पत्र हातीं घेतांच अक्षर फार बारीक असल्याचा शेरा मारतो. तेथें त्याच्या तोंडीं ‘मिनुतुस’ हाच शब्द आहे, ‘मिनुस्कुलुस’ नाहीं. दुसरा शब्द ‘मिनियेचर’. पोथींतील लहान चित्रास हें नांव आहे, म्हणून तो ‘मिनुस’पासूनच निघाला असावा असें अनेकांस वाटतें. वस्तुतः तो ‘मिनियुम’पासून निघाला. ‘मिनियुम’ हा शब्द प्राचीन रोमनांत मुख्यतः हिंगुळासाठीं व पुढें शेंदरासाठीं रूढ होता. पोथींतील आद्याक्षरें व मथळे ह्या तांबड्या रंगानें काढण्याच्या क्रियेस ‘मिनियारे’ म्हणत. त्यावरून रंगकामास, त्यावरून चित्रास, आणि चित्रें लहान असल्यामुळें व नाद सारखा असल्यामुळें शेवटीं कोणत्याहि लहान वस्तूस तो शब्द लागला. आपल्या पोथ्यांतूनहि पुष्पिका व विरामदंड हिंगुळानें रेखीत. तेव्हां ह्या शब्दाचें मूळ रंगांत आहे, मापांत नाहीं, हें आपल्या संग्राहकांनीं तरी विसरूं नये.

आतां हें विशेषण लिपीस कसें लागलें तें पाहूं. इ. स. १६८१ मध्यें झां माबियों ह्या बेनेदिक्तीन साधूनें ‘दे रे दिप्लोमातिका’ हा ग्रंथ प्रसिद्ध करून जुन्या सनदांच्या परीक्षेस शास्त्राचें रूप दिलें. अठराव्या शतकांत व्हेरोना येथील शिपियोने माफ्फेई ह्यानें त्या नगरीच्या धर्मपीठाच्या ग्रंथसंग्रहांतील विस्मृत पोथ्या उजेडांत आणिल्या, व लॅटिन अक्षरांचे मायुस्कुल, मिनुस्कुल व धांवतें असे वर्ग मानून, निरनिराळ्या राष्ट्रांच्या म्हणून समजल्या जाणाऱ्या लिप्या एकाच रोमन मूळापासून निघाल्या, असें प्रतिपादन केलें. पुढें इ. स. १७५० ते १७६५ ह्या काळांत फ्रान्समध्यें तुस्तें व तासें ह्या दोघां साधूंनीं ‘नूव्हो त्रेते द दिप्लोमातिक’ हा सहा भागांचा ग्रंथ काढून ही परिभाषा अधिकच दृढ केली.

ह्या परिभाषेचें मर्म असें. मायुस्कुल लिपि दोन समांतर रेघांमध्यें बसते. सर्व अक्षरांची उंची सामान्यतः सारखी. रोमन शिलालेखांचीं अक्षरें व ‘उन्सियल’ नांवाची वळणदार लिपि हीं ह्या वर्गांत येतात, जरी उन्सियलांत थोडीं अक्षरें किंचित् वर-खालीं जातात. मिनुस्कुल लिपीस चार रेघा लागतात. अक्षराचें धड मधल्या दोन रेघांत राहतें. कांहींचा दांडा वरच्या रेघेस भिडतो, कांहींचें शेपूट खालच्या रेघेपर्यंत उतरतें. शाळेंत मुलांस मराठीसाठीं दुरेघी व इंग्रजीसाठीं चाररेघी वही देतात, त्यांतील दुसऱ्या वहीचें प्रयोजन हेंच. म्हणजे लिपीच्या नांवांतहि हें विशेषण सापेक्षच राहिलें: मधलें धड हें दांड्याहून व शेपटाहून, आणि शेजारच्या मोठ्या अक्षराहून, किंचित् न्यून. प्रत्यक्ष माप येथें निर्णायक नाहीं.

उदाहरणानें हें स्पष्ट होईल. इंग्लंडांत संत कथबर्टच्या शवपेटींत इ. स. ११०४ मध्यें योहानाच्या शुभवर्तमानाची एक पोथी सांपडली. ती आठव्या शतकाच्या आरंभीची असून इ. स. २०१२ मध्यें ब्रिटिश लायब्ररीनें ती नव्वद लक्ष पौंडांस खरेदी केली. पोथी हातांत मावेल एवढी, सुमारें १४ सेंटिमीटर उंच. अक्षर अर्थातच बारीक. तथापि लिपि उन्सियल, म्हणजे मायुस्कुल! उलटपक्षीं टूर येथील मठांत नवव्या शतकांत लिहिलेलीं बायबलें सुमारें अर्धा मीटर उंच पानांचीं आहेत, आणि त्यांची मुख्य लिपि मिनुस्कुल. ‘बारीक अक्षर’ हा प्रतिशब्द घेऊन कोणी पहिल्या पोथीस मिनुस्कुल म्हणेल, तर तो तिला चुकीच्या वर्गांत व बहुधा चुकीच्या शतकांत नेऊन बसवील.

शतकाचा प्रश्न कां उपस्थित होतो तें थोडक्यांत सांगतों. आठव्या शतकाच्या उत्तरार्धांत कोर्बी वगैरे मठांतून एक सुबोध मिनुस्कुल लिपि घडली. शार्लमान बादशहासाठीं इ. स. ७८१ ते ७८३ ह्या काळांत गोडेस्काल्क ह्यानें लिहिलेल्या पोथींत मुख्य मजकूर उन्सियलांत व अर्पणपद्यें ह्या नव्या लिपींत आहेत. एकाच पोथींत दोन युगें भेटतात. ग्रीक लिपींतहि असेंच स्थित्यंतर झालें; तारीख असलेली सर्वांत जुनी ग्रीक मिनुस्कुल पोथी इ. स. ८३५ ची आहे. पुढें पंधराव्या शतकाच्या आरंभीं पोज्जो, निक्कोली इत्यादि इटालियन पंडितांस प्राचीन ग्रंथांच्या प्रती सांपडल्या, त्या बहुतेक नवव्या ते बाराव्या शतकांतल्या ह्याच वळणाच्या होत्या. ह्या लिपीस त्यांनीं ‘आंतिक्वा’, म्हणजे प्राचीन, असें नांव देऊन तिचें अनुकरण केलें. वस्तुतः सिसेरोनें असलें अक्षर कधीं पाहिलें नव्हतें. मूळ ग्रंथाचें वय व प्रतीचें वय ह्यांचा असा घोंटाळा आपल्याकडेहि अपरिचित नाहीं. त्याच वळणावरून इटलींतील मुद्रकांनीं खिळे पाडले, व इ. स. १४७० मध्यें व्हेनिस येथें निकोला जेन्सननें त्यांस जें रूप दिलें तें थोड्याफार फरकानें आजहि चालू आहे.

ह्याच खिळ्यांची परंपरा पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्यास लागली. गोव्यांत छापखाना इ. स. १५५६ मध्यें आला. आणि फादर स्टीफन्सचें ‘क्रिस्तपुराण’ हें मराठी काव्य इ. स. १६१६ मध्यें रोमन अक्षरांत छापलें गेलें. ज्या मराठीच्या बालबोध व मोडी ह्या दोन्ही लिप्यांत मायुस्कुल-मिनुस्कुल असा भेदच नाहीं, ती त्या वेळीं ह्या दुहेरी अक्षरांच्या पोशाखांत वावरली. गोव्याकडील जुनीं छापील पुस्तकें व त्यांच्या हस्तलिखित नकला जमविणारांस, म्हणून, ही परिभाषा केवळ परकी नव्हे.

तेव्हां मराठींत ह्या शब्दांस काय म्हणावें? ‘सूक्ष्माक्षर’ हा शब्द आम्हांस त्याज्य वाटतो, कारण तो ‘मिनुतुस’चा अर्थ सांगतो. संस्कृतांत बनवावयाचे तर ‘द्विरेख’ व ‘चतूरेख’ असे शब्द होतील. परंतु ‘द्विरेख’ वाचून भ्रमराची, म्हणजे ‘द्विरेफा’ची, आठवण व्हावयाची, आणि ‘चतूरेख’मधील दीर्घ ऊकार मुद्रकाच्या हातून टिकावयाचा नाहीं. त्यापेक्षां शाळकरी वह्यांचेच ‘दुरेघी’ व ‘चौरेघी’ हे शब्द सरळ व नेमके आहेत. ते अक्षराचें माप सांगत नाहींत, घडण सांगतात. अक्षराचें माप सांगावयाचें असेल तेथें तें वेगळें, आंकड्यानें द्यावें. याद्या करणाऱ्यांनीं ह्या दोन गोष्टी दोन वेगळ्या रकान्यांत लिहाव्या, एवढीच आमची सूचना आहे.

शेवटीं एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. वारोच्या ग्रंथाच्या मूळ पंचवीस भागांपैकीं पांचवा ते दहावा एवढेच आज उपलब्ध आहेत, व ते प्रामुख्यानें फ्लॉरेन्स येथील एका पोथीमुळें टिकले. ती पोथी अकराव्या शतकांत मोंते कासिनो येथें लिहिलेली असून तिची लिपि ‘बेनेव्हेन्तान’, म्हणजे मिनुस्कुलाचीच एक जात, आहे. पांवा वाजविणाऱ्यांच्या धाकट्या सणाचें नांव सांगणारें तें विशेषण चौरेघी अक्षरांत उतरून घेणाऱ्या त्या लेखकास, पुढें आपल्या हाताखालच्या लिपीस हेंच नांव मिळणार आहे, ह्याची कल्पनाहि नसेल. नांवें मागाहून येतात, वस्तु आधीं असतात; म्हणून पोथी हातीं घेणाऱ्यानें नांवापूर्वीं अक्षराकडे पाहावें.